फंड आणि भाडेकरू

निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या मराठी माणसाला हटकून दोन व्याधी जडतात. एक मधुमेह आणि दुसरी 'सेकंड फ्लॅट'. पहिलीला निदान पथ्य तरी आहे.

भाईंदर पश्चिमेला मुर्धा, राई, मोरवा ही जुनी गावं. तिथल्या आमच्या एका स्नेह्यांना दुसरी व्याधी झाली आहे. "अहो, पीएफ नुसता पडून आहे! त्यातले वीस लाख काढायचे, चाळीस बँकेचे, की साठ लाखांचा फ्लॅट. हप्ता भाडेकरूच फेडतो!"

हे शेवटचं वाक्य ज्यानं प्रथम उच्चारलं, त्याची गणिताची प्रगतिपुस्तकं तपासली पाहिजेत. चाळीस लाखांना साडेआठ टक्के व्याज आणि पंधरा वर्षं धरा. हप्ता येतो साधारण ३९,४०० रुपये. भाडं धरा १५,०००. उरलेले चोवीस हजार कोण देणार? भाडेकरूचा मेहुणा?

बरं, फंड काही 'पडून' नव्हता. २०२४-२५ च्या ८.२५ टक्के दरानं वीस लाख महिन्याला १३,७५० रुपये मिळवत होते. दलाल नाही, दर अकरा महिन्यांनी करार नाही, "काका, गीझर बंद पडलाय" असा फोन नाही. इतका सज्जन भाडेकरू हाकलून दुसरा शोधायचा!

"पण जागेचे भाव वाढतात की!" वाढतात ना. पण ते कागदावर. हप्ता जातो पगारातून. पगार निवृत्तीला थांबतो, हप्ता थांबत नाही. आणि अँजिओप्लास्टीसाठी नुसतं न्हाणीघर विकता येत नाही.

१९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यानं खात्यातल्या शिलकीला सावकाराच्या जप्तीपासून अभय दिलं. उलट २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकेला मुभा दिली: हप्ते थकले की साठ दिवसांची नोटीस, आणि कोर्टात दावा न लावताही घर ताब्यात. म्हणजे तिजोरीतला ऐवज आपणच चौकात नेऊन ठेवायचा! ऑस्ट्रेलियानं २००७ साली निवृत्तिनिधीला कर्ज काढून घर घ्यायची मोकळीक दिली; पण धनकोनं त्या घरापुरताच हक्क सांगावा, बाकी फंडाला शिवू नये, ही अट घालून. आपण फंडच आधी रिकामा करतो.

राहायला घर नसेल तर काढा की पैसे, जरूर काढा. पण म्हातारपणाची काठी भाड्यानं द्यायची नसते. कर्ज काढून तर नाहीच नाही!