नाण्याला चिंच लावू नका!

मुलांनो, सण जवळ आला की आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी घासायला निघतात. चिंच, मीठ, राख घेतली आणि जरा हात चालवला की तांब्या कसा लखलखतो! त्याच परातीत मग देव्हाऱ्यातली जुनी नाणीही पडतात. भांड्यांना चिंच लावा, खुशाल लावा. नाण्यांना मात्र लावू नका. का, ते आज बघू.

आमच्या मुरुडच्या शाळेत जुन्या नाण्यांचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला. "बाई, नाणं जितकं जुनं तितकं महाग ना?" नाही बरं का! नाण्याची किंमत मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. तशी नाणी किती उरली आहेत, ती किती जणांना हवी आहेत आणि हातातलं नाणं कोणत्या अवस्थेत आहे. यातली तिसरी गोष्ट आपल्या हातात असते.

राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया घ्या. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात जवळजवळ १०.७ ग्रॅम चांदी. हा रुपया हजारो हातांतून फिरला. कनवटीला राहिला, गल्ल्यात आपटला. मग झिजलं काय? जे सगळ्यांत उंच, ते आधी! राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटाची नक्षी. केसांची बट न् बट दिसणारा रुपया आणि चेहरा सपाट झालेला रुपया एकाच सालचे असले, तरी संग्राहक पहिल्याला कितीतरी जास्त पैसे देतो. दुसरा जर नेहमी सापडणारा असेल, तर त्याला बहुधा चांदीचाच भाव मिळतो.

एक गंमत सांगते. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती होता, पण त्याची सोंड इतकी आखूड, की लोकांना तो डुक्कर वाटला! केवढा गवगवा झाला! सरकारने ती नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ साली हत्ती सुधारून नवा रुपया काढला. आता हा झगडा ज्या हत्तीवरून झाला, तो खूप झिजलेल्या रुपयावर दिसणार कसा? झिजताना नाण्याची गोष्टही पुसली जाते.

आता आपली शिवराई. १६७४ साली राज्याभिषेक झाला. महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असतात. पण पुष्कळ शिवरायांवर अक्षरं अर्धीच दिसतात. सगळी झिजली म्हणून नव्हे हं! ही नाणी हाताने ठोकून पाडत. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून कडेची अक्षरं तुकड्याच्या बाहेरच राहायची. मग ओळखायचं कसं? झिजलेलं अक्षर सपाट, पुसट दिसतं. बाहेर राहिलेलं अक्षर नाण्याच्या कडेशी एकदम तुटतं. सगळी अक्षरं आणि कडेचे ठिपके नीट उमटलेली शिवराई सापडणं कठीण, म्हणून तिला मान मोठा.

भोकाचंही तसंच. १९४३ ते १९४७ या काळातल्या पैशाला मधोमध भोक असतं. युद्धाच्या दिवसांत धातू वाचवायला ते टांकसाळीतच पाडलं, त्यामुळे तो दोष नव्हे. पण रुपयाला माळेत ओवायला भोक पाडलं किंवा कडी डकवली, की संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत उतरते.

तुम्हाला परीक्षेत गुण मिळतात ना? नाण्यांनाही मिळतात! अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाचे संग्राहक होते. तिथल्या तांब्याच्या जुन्या, मोठ्या सेंटसाठी त्यांनी १९४९ साली १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. अगदी झिजलेल्याला १ आणि टांकसाळीतून जसंच्या तसं आलेल्याला ७०. ही पट्टी पुढे इतर नाण्यांनाही लागू झाली. गंमत म्हणजे घासलेल्या नाण्याला तिथे नुसता गुण देत नाहीत, 'साफ केलेलं आहे' असा शेरा मारतात. प्रगतिपुस्तकावरचा लाल शेराच म्हणा ना!

असं का? चिंचेत आम्ल असतं. वर्षानुवर्षं तांब्यावर जो तपकिरी थर जमतो, त्याला ते खाऊन टाकतं. हा थर म्हणजे मळ नव्हे, तर नाण्याचं पांघरूण. शिवाय राखेने बारीक ओरखडे पडतात आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. नाणं चकाकतं खरं, पण ती टांकसाळीतली चकाकी नव्हे. जाणकाराला फरक लगेच कळतो, आणि गेलेला थर परत आणता येत नाही.

मग काय करायचं? नाणं नेहमी कडेने धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही. घामाचाही डाग पडतो. मऊ, चिकट प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायचं नाही, त्यातून निघणारं आम्ल नाण्याला हिरवं करतं. प्रत्येक नाणं कोरड्या कागदी पाकिटात वेगळं ठेवायचं. आपल्या किनाऱ्यावर हवा खारी आणि दमट, म्हणून पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली, तर ते नाणं लगेच बाजूला काढा आणि घासण्याआधी जाणकाराला दाखवा.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. "जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" असं सांगून आधी 'फी' मागणारे भेटतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं. बँकेच्या नावाने कुणी पैसे मागितले, तर मुळीच देऊ नका. आणि आजीच्या माळेतला कडीचा रुपया? तो माळेतच राहू द्या. पूजेतलं नाणं पूजेत शोभतं. त्याची किंमत बाजाराला विचारायची नसते. फक्त डब्यात न घासलेलं एखादं नाणं उरलं असेल, तर तेवढं जपा.

या आठवड्यात करून बघा

घरातली एकाच प्रकारची दहा चालू नाणी घ्या. विजेरीचा उजेड तिरपा पाडून भिंगातून बघा. आधी काय झिजलंय, अक्षर, आकडा की कड? कमी झिजलेल्यापासून जास्त झिजलेल्यापर्यंत त्यांची रांग लावा आणि प्रत्येकाचं साल वहीत लिहा. सगळ्यांत जुनं नाणंच सगळ्यांत जास्त झिजलेलं निघतं का? काय दिसलं ते वर्गात सांगा.