जैवइंधनाला एक पावसाळा दाखवा

माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई यांस



महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ४८ लहान बंदरांचा कारभार ज्या मंडळाकडे १९९६ च्या अधिनियमाने सोपविण्यात आला, त्या मंडळाच्या दफ्तरी जैवइंधनाचा विषय आज ना उद्या एखाद्या परिपत्रकाच्या रूपाने दाखल होणारच, हे ओळखून, ते परिपत्रक निघण्यापूर्वीच आपणांस जाहीरपणे चार शब्द लिहावेत असे मला वाटले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ साली जहाजवाहतुकीचे हरितवायू-उत्सर्जन २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर आणण्याचे धोरण ठरवले. जगाच्या एकूण उत्सर्जनात या व्यवसायाचा वाटा सुमारे ३ टक्के असल्यामुळे ते अवाजवी म्हणता येणार नाही. आणि बॅटरी, मिथेनॉल, अमोनिया या साऱ्यांना नवी यंत्रसामग्री लागत असता, जुन्याच डिझेल इंजिनात ओतता येणारे वनस्पतिजन्य तेल राज्यकर्त्यांना सर्वांत सोयीचे वाटावे यातही नवल नाही. माझी विनंती एवढीच की, कोणत्या तारखेपासून किती टक्के मिश्रण, हा हुकूम काढण्याआधी आपल्या पाण्यात, आपल्या इंजिनांवर आणि आपल्या हवामानात या इंधनाची एक दीर्घ व उघड कसोटी घेण्यात यावी.

तेलावर इंजिन चालते की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले, आणि ते इतके बिनबोभाट चालले की पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ही गोष्ट ध्यानात आली, अशी हकीकत खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनीच पुढे सांगितली. २०१९ साली ‘मेटे मर्स्क’ हे महाकाय कंटेनरजहाज रॉटरडॅमहून शांघायला जाऊन परतले, ते वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेल्या बायोडिझेलचे २० टक्क्यांपर्यंत मिश्रण जाळीत. २०२४ साली सुधारलेल्या आयएसओ ८२१७ या सागरी इंधनाच्या मानकाने तर शंभर टक्के बायोडिझेललाही स्थान दिले. या तेलात गंधक जवळजवळ नसते, त्याच्या धुरात काजळी कमी असते, आणि डिझेलपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला ते पेट घेत असल्यामुळे साठवणुकीत आगीचे भय कमी, हे गुण मी मनापासून मान्य करतो. वजनामागे त्याची उष्णता डिझेलहून सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरते, परंतु २० टक्के मिश्रणात ही तूट दोन-अडीच टक्क्यांवर येते आणि कोणाही तांडेलाला ती सोसवेल.

मात्र रॉटरडॅमचा दाखला भाऊच्या धक्क्यावर जसाच्या तसा चालत नाही. मोठ्या जहाजावर इंधन आधी स्थिर होऊ देतात, तापवितात, सेंट्रिफ्यूजमधून फिरवून त्यातले पाणी व गाळ वेगळा काढतात आणि मग जोडफिल्टरमधून इंजिनाकडे पाठवितात. शिवाय भरलेले इंधन काही आठवड्यांत जळून जाते. आपल्या लाँचवर आणि मच्छीमार ट्रॉलरवर बहुधा एक टाकी, एक-दोन फिल्टर आणि एक इंजिन ड्रायव्हर, एवढाच सरंजाम असतो. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. गेट वे ते मांडवा ही लाँचसेवाही पावसाळ्यात बंद राहते. ज्या दिवसांत हवेतील दमटपणा पराकोटीला पोहोचतो, नेमक्या त्याच दिवसांत शेकडो टाक्या अर्ध्या रिकाम्या, अर्ध्या भरलेल्या अशा स्थितीत उभ्या राहतात. टाकीचा रिकामा भाग म्हणजे दमट हवा. रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतले पाणी आतल्या भिंतीवर साकळते आणि ओघळून तेलात उतरते.

डिझेल या पाण्याला फारसे सामावून घेत नाही; ते तळाशी बसते आणि चावी सोडली की निघून जाते. बायोडिझेल मात्र डिझेलच्या कित्येक पट पाणी स्वतःत मुरवून घेते, आणि जे मुरत नाही त्याच्या व तेलाच्या सीमेवर सूक्ष्मजीवांची वस्ती वाढते. सप्टेंबरात टाकीच्या तळाची चावी सोडून काचेच्या बरणीत थोडे तेल धरून पाहावे: खाली गढूळ पाणी, वर तेल आणि मधोमध तपकिरी, बुळबुळीत असा एक थर, जो बोटाला लागला की सहजी सुटत नाही. हाच थर पुढे फिल्टर बुजवितो. त्यातच हवेशी संयोग होऊन तेल आंबट होते, तांबे, पितळ व जस्त यांना खाऊ लागते, आणि नायट्राइल रबराची जुनी पॅकिंगे फुगतात. या तेलाला विद्रावकाचाही गुण असल्यामुळे जुन्या टाकीच्या भिंतींना वर्षानुवर्षे धरलेला गाळ पहिल्या काही भरण्यांतच सुटून वाहू लागतो, आणि ज्याने आजवर डिझेलच वापरले त्याला वाटते, नव्या तेलातच खोट आहे. हे तेल सहा महिन्यांहून अधिक काळ साठवू नये असे सर्वसाधारण मत आहे. आपल्या पावसाळ्यात तेवढे तरी ते टिकते काय, हे येथेच पाहावे लागेल.

फिल्टर बुजला तर रस्त्यावरची बस बाजूला उभी राहते व प्रवासी कंडक्टरच्या नावाने खडे फोडत दुसरी बस पकडतात. भरती-ओहोटीच्या ओढीत, खडकाच्या अंगाला, शंभर-दीडशे प्रवासी घेतलेल्या लाँचचे इंजिन बंद पडले तर दुसरी बस नसते. म्हणून या कसोटीची पहिली अट मी अशी घालीन की, ती दोन इंजिनांच्या नौकेवरच व्हावी: एका इंजिनाला शुद्ध डिझेल, दुसऱ्याला मिश्रण, टाक्या व नळ संपूर्ण स्वतंत्र. यात सुरक्षितता तर आहेच, शिवाय तुलनाही आपोआप साधते, कारण समुद्र तोच, भार तोच आणि सारंगही तोच राहतो. आरंभी दोन्ही इंजिने उघडून लायनर, पिस्टनरिंगा आणि इंजेक्टरची नोझले मोजून ठेवावीत. वर्षअखेर पुन्हा उघडावीत. आणि मधला पावसाळा मिश्रण टाकीत तसेच पडू द्यावे, कारण खरी परीक्षा तीच. मोजमापासाठी पवईचे भारतीय नौवहन निबंधक व मुंबईची आयआयटी हाकेच्या अंतरावर आहेत. एक नौका पुरेशी नाही, याची मला जाणीव आहे. परंतु एका नौकेची कसून ठेवलेली नोंदवही पन्नास नौकांच्या उद्घाटनसमारंभांपेक्षा उपयोगी पडेल.

आधी आकडा आणि मागाहून परीक्षा, ही रीत आपण एकदा भोगली आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, लागवडीचा पुरस्कार केला, आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट समोर ठेवण्यात आले. पडीक, बिनपाण्याच्या जमिनीत हे झुडूप जगते, हे खरे ठरले. परंतु जगणे वेगळे आणि बी धरणे वेगळे, हे लागवड झाल्यावर कळले. २००९ च्या धोरणाने २० टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत पुढे नेली. २०१८ च्या धोरणाने आकडाच ५ टक्क्यांवर आणून मुदत २०३० केली. प्रत्यक्ष मिश्रण अजून १ टक्क्याच्याही आतच आहे. मुदतवाढीच्या या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या झाल्या असतील ते असो. रोपे लावून बसलेल्या शेतकऱ्याच्या नुकसानीचा रकाना मात्र त्यांत कोठे नव्हता.

तेल कोणते, हा प्रश्नही मंडळाने टाळू नये. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाने ताजे गोडेतेल लाँचमध्ये जाळणे ही चैन ठरेल. वापरलेले तेल मात्र मुंबईत विपुल आहे, आणि २५ टक्क्यांहून अधिक ध्रुवीय संयुगे झालेले तेल तळणीत वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून लागू असल्यामुळे ते गोळा करण्यास कायद्याचेही पाठबळ आहे. त्याखेरीज किनाऱ्याच्या वाळूत वाढणारी उंडी आपल्याकडे आहे. तिचे कडू तेल कोकणात दिव्यांत जळत असे व होड्यांच्या लाकडालाही लावले जाई. करंज आहे. या दोन्हींचे थोडे थोडे तेल कसोटीत अवश्य असावे, मात्र लागवडीच्या योजना तूर्त कपाटातच राहाव्यात. बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच औद्योगिक तेल विकल्याची प्रकरणे गुजरात व महाराष्ट्रात पोलिसांपर्यंत गेली आहेत. सबब प्रत्येक भरण्याचा मोहोरबंद नमुना आयएस १५६०७ या मानकानुसार तपासून घेतल्याखेरीज एक थेंबही टाकीत जाऊ नये, नाहीतर दोष तेलाचा की भेसळीचा, हा वाद कसोटीभर चालेल.

आता शेवटची, आणि मंडळाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत अडचणीची गोष्ट. इंजिन उत्पादकाने मान्य न केलेले इंधन वापरले तर त्याची हमी रद्द होण्याचा संभव असतो, विमा कंपनीही हात झटकू शकते, आणि हंगामात पंधरा दिवस लाँच बंद राहिली तर मालकाच्या हप्त्यांची व खलाशांच्या पगाराची तोंडमिळवणी कशी होणार, याचे उत्तर कोणत्याही पर्यावरणविषयक भाषणात सापडत नाही. म्हणून ज्या मालकाची नौका घ्यायची त्याला इंजिनाची नुकसानभरपाई आणि बंद दिवसांचे भाडे मंडळ देईल, असा लेखी करार आधी व्हावा. आणि नोंदवहीची नक्कल, बुजलेल्या फिल्टरांच्या तारखांसकट, दरमहा मराठीतून भाऊच्या धक्क्यावर व मांडव्याच्या जेट्टीवर लावण्यात यावी. दोन्ही इंजिने उघडून मोजण्यास मोकळा वेळ मेअखेर लाँचसेवा थांबते तेव्हाच मिळतो. त्यापूर्वी कराराचा मसुदा तयार होण्यास फेब्रुवारीतच तजवीज सुरू करावी लागेल.

आपला नम्र,
इंजिनखोलीतून निवृत्त झालेला एक सागरी अभियंता