साथीची स्मृती कोणाच्या हाती?

२०२०च्या चैत्रात सप्तशृंग गडाची यात्रा भरली नाही. खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांवाचून वाटा रित्या राहिल्या, तेव्हा टाळेबंदी म्हणजे काय हे कळवण तालुक्याला उमगले. द्राक्षबागांतले मजूर पाड्यांवर परतले. यात्रा-जत्रांवर ज्यांचे वर्ष चालते ते वादक व तमासगीर सलग दोन हंगाम घरी बसले.

त्या काळावर कला निर्माण झाली नाही, असे नव्हे. शहरी एकान्ताची चित्रे पुष्कळ निघाली. काही चांगलीही होती. परंतु एकान्त हा स्वतंत्र खोली असणाऱ्याचा अनुभव आहे. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ मालगाडीखाली सापडलेले १६ मजूर, किंवा २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन दगावलेले २२ रुग्ण त्या चित्रांत क्वचितच दिसतात. १९४३च्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि त्यांनी भुकेल्यांचे चेहरे रेखाटले. इंग्रज सरकारने ते पुस्तक जप्त करून नष्ट केले.

साथीला रूप देण्याची कला खेड्यांना नवी नाही. पटकीच्या दिवसांत मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेला जाई. त्यात अंधश्रद्धा होतीच. शिवाय स्वतःवरचे संकट शेजारच्या गावावर लोटण्याची वृत्तीही होती. २०२०मध्ये रस्त्यांवर काटे टाकून परतणाऱ्या मजुरांना अडविणाऱ्या गावांनी निराळे काय केले? या एका प्रश्नावर कळवणच्या चौकात उत्तम पथनाट्य उभे राहील. ते काहींना झोंबेल, आणि झोंबावेच.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कोकणा व भिल्ल वस्त्यांतून पावरी वाजते. त्या वर्षांत कोण गेले, कोण उपाशी राहिले, याची गाणी तेथील माणसेच रचू शकतील. कार्यकर्त्यांनी ती ऐकावीत, उतरून घ्यावीत. त्यांत आपल्या घोषणा घुसडू नयेत.

मात्र कलावंताचे पोट विसरून हे काम व्हायचे नाही. २०२१मध्ये राज्य सरकारने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य जाहीर केले. दोन बुडालेल्या हंगामांची ती किंमत! पावरीवाल्याला सभेत बोलावणाऱ्या शाखेने निदान त्याचा दिवसाचा रोज आणि एस.टी.चे भाडे त्याच दिवशी त्याच्या हातावर ठेवावे.