भिलाईच्या भट्टीत कोळशाचं काय होतं?

छत्तीसगडात कोरब्याला कोळशाच्या मोठमोठ्या खाणी आहेत. तरीही भिलाई पोलाद कारखान्याला कोक करायचा कोळसा झारखंडच्या झरिया भागातून आणि जहाजाने परदेशातूनही आणावा लागतो. घरची कणगी भरलेली असताना वाण्याकडे कशाला जायचं? उत्तर डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक आहे.

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केलं. या भट्टीला लागतो तो कोक. त्यासाठी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता, सुमारे १००० ते ११०० अंश सेल्सिअसला भाजतात. हवा नाही म्हणून तो जळून जात नाही. वायू आणि डांबर निघून जातं, उरलेला कार्बन आपली रचना बदलतो.

खरी गंमत ३५० ते ५०० अंशांच्या दरम्यान घडते. कोकचा कोळसा तेव्हा मऊ पडतो. त्यातले कार्बनचे पापुद्रे जेमतेम काही नॅनोमीटरचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मऊपणात ते सरकतात, एकमेकांवर नीट बसतात आणि मग सगळं घट्ट होतं. म्हणून कोक खनिजाचा भार पेलतो. कोरब्याचा कोळसा असा मऊ पडत नाही. तो वीजकेंद्रात कामाला येतो, पण त्याचा टणक कोक होत नाही.

डीएनएच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झालेल्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी आधी कोळशाचाच अभ्यास केला होता. १९५१ साली त्यांनी दाखवलं, की ३००० अंशांच्या आसपास काही कार्बनचं पेन्सिलीतल्यासारखं ग्रॅफाइट होतं. काहींचे पापुद्रे मात्र विस्कटलेलेच राहतात, कारण ते सुरुवातीलाच आडवेतिडवे जखडलेले असतात. हिऱ्याच्या नॅनोकणांचं तर आणखी वेगळं: हवेविना सुमारे १५०० अंशांवर तापवले, की ते कांद्यासारखे पापुद्र्यापापुद्र्यांचे गोळे होतात.

पण विस्कटलेलं म्हणजे वाया गेलेलं नव्हे. नारळाच्या करवंटीचा कोळसा त्याच जातीचा. त्याच्या वेड्यावाकड्या पापुद्र्यांत बारीक फटी उरतात. तुमच्या घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये कार्बनची नळी असेल, तर पाण्याचा वास बहुधा याच फटींत अडकत असेल.