कथानक तेच, कारण नवे

युरोपातील प्रबोधनकाळाच्या उत्तरार्धात लंडनच्या रंगभूमीवर शेक्सपिअर, मार्लो, मिडलटन यांची नाटके गाजली. विसाव्या शतकातील अनेक समर्थ नाटककारांनी तीच नाटके पुन्हा लिहायला घेतली. बर्टोल्ट ब्रेश्तने 1924 मध्ये मार्लोचा ‘दुसरा एडवर्ड’ नव्याने मांडला. पुढे एमे सेझेर, एडवर्ड बॉन्ड, अर्नोल्ड वेस्कर यांनी शेक्सपिअरला हात घातला. ज्यांच्याकडे स्वतःचे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, त्यांना ही उसनवारी का करावीशी वाटते?

उसनवारी हा तर शेक्सपिअरच्या काळाचा रिवाजच होता. लेखकाला आपल्या कृतीवर कायद्याने हक्क देणारा कॉपीराइट कायदा ब्रिटनमध्ये 1710 साली आला. त्याआधी कथानक कोणीही उचलावे आणि आपल्या परीने सांगावे. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये सावकार कर्जदाराचे मांस मागतो, ती कथा आधीच्या ‘इल पेकोरोने’ या इटालियन कथासंग्रहात आहे. लिअर राजावर शेक्सपिअरच्या आधीचे एक इंग्रजी नाटक 1605 मध्ये छापले गेले. त्यात राजाला गादी परत मिळते आणि धाकटी मुलगी जिवंत राहते. शेक्सपिअरने दोघांनाही मृत्यू दिला आणि जुन्या गोष्टीची शोकांतिका केली.

परिचित कथानकाचा नाटककाराला मोठा फायदा असतो. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याने त्याचे लक्ष ते का होते याकडे वळते. अशा वेळी लेखकाने घटना तशीच ठेवून तिचे कारण बदलले, तर तो बदल लगेच जाणवतो. केवळ पोशाख आणि काळ बदलणारे प्रयोग याहून वेगळे. त्यांत राजाच्या अंगावर लष्करी गणवेश येतो, पण त्याच्या वागण्यामागचे कारण जुनेच राहते.

वेस्करचे उदाहरण यासाठी तपासण्यासारखे आहे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ लिहिले गेले तेव्हा इंग्लंडमधून ज्यूंना हद्दपार करून तीनशे वर्षे झाली होती. हद्दपारीचा हुकूम 1290 चा. त्यामुळे बहुतेक प्रेक्षकांना ज्यू माहीत होता तो ऐकीव गोष्टींतून. लंडनच्या ज्यू कुटुंबात 1932 साली जन्मलेल्या वेस्करपुढे मात्र नाझींनी केलेला साठ लाख ज्यूंचा संहार होता. सूडाने सुरी परजणारा त्या नाटकातला ज्यू सावकार शायलॉक पाहणे त्याला असह्य झाले. त्याने 1976 मध्ये स्वतःचे ‘द मर्चंट’ रंगभूमीवर आणले.

या नाटकात शायलॉक आणि त्याच्याकडून कर्ज घेणारा व्यापारी अँटोनिओ जिवलग मित्र आहेत. मित्राला पैसे द्यायला शायलॉकला कागदाची गरज वाटत नाही. परंतु ज्यूशी व्यवहार करायचा तर लेखी करार हवाच, असा व्हेनिसचा कायदा आहे. त्या कायद्याची टर उडवण्यासाठी दोघे मिळून मांसाच्या तुकड्याचा रोखा करतात. मग अँटोनिओची जहाजे बुडाल्याची बातमी येते आणि थट्टा गळ्याशी येते. रोखा मोडावा, तर कायद्याला अपवाद होतो आणि त्याच कायद्याच्या आधाराने जगणारी ज्यू वस्ती धोक्यात येते. न्यायालयात नायिका पोर्शिया रोख्यातील दोष दाखवते, तेव्हा हा शायलॉक सुटकेचा निःश्वास टाकून देवाचे आभार मानतो. शेक्सपिअरच्या नाटकात त्याच क्षणी त्याचा पराभव होतो.

या बदलाची किंमतही आहे. दोन्ही पक्षांना सुटकाच हवी असल्याने न्यायालयातील वैराचा ताण ओसरतो. संघर्ष माणसांमधून उठून कायद्याच्या कलमात जातो, आणि कलम रंगमंचावर उभे करणे अवघड असते. ब्रॉडवेवर हे नाटक काही दिवसांतच बंद पडले. मात्र तो दोष एकट्या संहितेवर टाकता येत नाही. मुख्य नट झीरो मोस्टेल सुरुवातीच्या प्रयोगांच्या काळातच वारला होता.

बॉन्डने 1971 च्या ‘लिअर’मध्ये वेगळे कारण धरले. त्याचा राजा शत्रूला अडवण्यासाठी सक्तीच्या मजुरीने भिंत बांधतो आहे. शेक्सपिअरच्या लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया येथे राजाची मुलगी नाही. सैनिकांच्या अत्याचारातून ती बंडखोरांची नेता होते, सत्ता मिळवते आणि तीच भिंत पुढे बांधू लागते. ती भिंत खणून काढताना म्हातारा लिअर गोळी लागून मरतो. शेक्सपिअरकडे मुलींच्या कृतघ्नतेतून येणारी क्रूरता बॉन्डकडे राज्ययंत्रणेतून येते.

मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. देवलांचा ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून 1890 च्या सुमारासच आला. शिरवाडकरांनी 1970 च्या ‘नटसम्राट’मध्ये लिअरने मुलींना वाटून दिलेल्या राज्याच्या जागी निवृत्त नटाची मिळकत ठेवली आणि लिअरला नसलेली सोबत, म्हणजे पत्नी कावेरी, त्या नटाला, आप्पा बेलवलकरांना, दिली. त्यामुळे अपमान दोघांच्या वाट्याला येतो आणि ती गेल्यावर उरलेले एकाकीपण अधिक बोचते. त्यानंतर विंदा करंदीकरांचे ‘राजा लिअर’ हे भाषांतरही आले. म्हणून मराठीत मूळ नाटक आणि त्यावरून सुचलेली स्वतंत्र कृती शेजारी ठेवून वाचता येतात.

यावरून रूपांतराची कसोटी ठरवता येईल. मुळाशी प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. लेखकाने कोणते कारण बदलले आणि त्या बदलाचे परिणाम शेवटच्या अंकापर्यंत सोसले का, हे आधी पाहावे. वेस्कर आणि बॉन्ड या कसोटीला उतरतात. वेस्करच्या नाटकातील उणीवही त्या सचोटीतूनच आली आहे.

याबाबत नाट्यसंस्था आणि विद्यापीठांचीही जबाबदारी आहे. रूपांतर हा मूळ कृतीशी घातलेला वाद असतो. मूळ नाटक कोणी वाचत किंवा पाहत नसेल, तर त्या वादाची एकच बाजू प्रेक्षकापर्यंत पोहोचते. अभ्यासक्रमात ‘नटसम्राट’ असेल तेथे ‘राजा लिअर’ही असावे, आणि नव्या रूपांतराच्या प्रयोगाआधी मूळ नाटकाचे निदान जाहीर वाचन व्हावे. त्याला फार खर्च येत नाही, आणि नव्या नाटककाराने नेमके काय बदलले याचा निवाडा प्रेक्षकाला स्वतः करता येतो.