परसातले तळे : आधी पाणी, मग मासे

परसात एखादे लहानसे तळे असावे, त्यात रंगीत मासे फिरत असावेत आणि सायंकाळी घरातील वडील मंडळींनी काठी बसून मुलांशी चार गोष्टी कराव्यात, ही हौस हल्ली पुष्कळ घरांतून दिसते. हौस चांगलीच आहे. तथापि तिच्याविषयी चार शब्द लिहिण्यापूर्वी आमच्याच घरची एक हकीकत सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. कारण या बाबतीत आम्ही जे शिकलो, ते फजितीतूनच शिकलो.

आमचे घर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूस. घरात लहानमोठी चौदा माणसे. मुलांच्या आग्रहास्तव परसात 6 फूट लांब, 4 फूट रुंद व 2 फूट खोल असा सिमेंटचा हौद बांधविला, नळाचे पाणी भरले आणि दुसऱ्याच दिवशी नागपुराहून आणलेले बारा कोई मासे त्यात सोडले. पाणी इतके नितळ की तळाचा खडा दिसावा. आठव्या दिवशी सकाळी तीन मासे उलटे तरंगताना दिसले. पंधरवडा संपतो न संपतो तो दोनच उरले. नऊ वर्षांच्या पुतण्याने विचारले, “काका, आपण त्यांना मारलं का?” या प्रश्नास उत्तर देणे कोणासही सुचेना. थोरल्या आजी एवढेच म्हणाल्या, “आपण मासे खात नाही, म्हणून त्यांच्या जिवाचा दोष आपल्याला लागत नाही, असं थोडंच आहे?”

पुढे काही कामानिमित्त जवळच्या तलावावर मासेमारी करणारे एक वृद्ध ढीवर गृहस्थ घरी आले. आजींनी त्यांस हौद दाखविला. ते हसले नाहीत. वाकून पाहून म्हणाले, “आजीबाई, हे पाणी नुसतं भरलेलं आहे. यात गवत नाही, गाळ नाही, काही जगत नाही. मग मासा तरी कसा जगेल?”

हे बोल या भूमीच्या जुन्या अनुभवाचे होते. भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने येथे शेकडो तलाव व बोड्या बांधल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, अशी परंपरा सांगते. मालगुजारी 1951 च्या सुमारास संपली व हे तलाव सरकारकडे गेले. पुढे कित्येकांत गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, पाणवनस्पती नाहीशा झाल्या, आणि त्यांच्यामागोमाग देशी मासेही कमी झाले. तेव्हा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढीवर मच्छीमारांनी काही तलावांत बेशरम उपटून, कोरड्या तळाची नांगरट करून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. म्हणजे माशांसाठी त्यांनी आधी पाणी दुरुस्त केले. परसातल्या हौदासही हाच नियम लागू पडतो.

याचे शास्त्रीय कारण असे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे व मलावाटे अमोनिया टाकीत असतो. हे विष डोळ्यांस दिसत नाही, म्हणून नितळ पाणीही मारक ठरू शकते. उघड्या निसर्गात सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असून वनस्पतींचे अन्न होते. हे जीवाणू दगड, वाळू, मुळे अशा पृष्ठभागांवर वस्ती करतात, आणि नव्या हौदात ती वसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमचे मासे त्यापूर्वीच गेले.

गाळणी म्हटले की आपणांस चहाची गाळणी आठवते. तळ्याच्या गाळणीचे निम्मे काम तसेच आहे; परंतु उरलेले व अधिक महत्त्वाचे काम म्हणजे या जीवाणूंस घर देणे. तिची रचना तीन खणांची करावी. पहिल्या खणात पाणी संथ होऊन जड मळ तळाशी बसावा. दुसऱ्यात ब्रश किंवा स्पंजाने बारीक कण अडावेत. तिसऱ्यात धुतलेली खडी किंवा विटांचे तुकडे भरावेत, म्हणजे जीवाणूंस जागा मिळते. त्यापुढे एक उथळ चर काढून त्यात स्थानिक पाणवनस्पती लावाव्यात. खुद्द तळ्यात त्या लावू नयेत; कोई मासा त्या उकरून काढतो. जलपर्णी मात्र कोठेही आणू नये.

आता मापाविषयी. कोई ही शोभेची बाहुली नव्हे. जपानातील नीगाता प्रांताच्या डोंगराळ भातपट्ट्यात शेतकरी खाण्यासाठी कार्प मासे पाळीत. त्यांत अधूनमधून निपजणाऱ्या रंगीत माशांची निवड करून एकोणिसाव्या शतकात त्यांनी ही जात घडविली, आणि 1914 च्या तोक्योच्या प्रदर्शनानंतर ती सर्वत्र प्रसिद्धीस आली. हा मासा दोन फुटांपर्यंत वाढतो व नीट सांभाळल्यास पंचवीस-तीस वर्षे जगतो. तेव्हा 10 फूट लांब, 8 फूट रुंद व 4 फूट खोल याहून लहान तळे करू नये. त्यात सुमारे 9,000 लिटर पाणी मावते. हजार लिटरांस एक मासा हा हिशेब नवख्याने मोडू नये. आरंभ चार-पाचांनीच करावा. पंप असा घ्यावा की सगळे पाणी दोन तासांत एकदा गाळणीतून फिरेल, म्हणजे ताशी सुमारे 4,500 लिटर.

आपल्याकडील उन्हाळा कडक. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो व अमोनियाही अधिक जहाल होतो. म्हणून दुपारची सावली अवश्य हवी. परंतु झाडाच्या अगदी खाली तळे खणू नये, पाने पडून कुजतात. वीज गेल्यास गाळणीतील जीवाणू काही तासांत गुदमरू लागतात, यास्तव बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप जवळ असावा. काठ जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा, नाहीतर पावसाळ्यात अंगणातील चिखल आत येतो. चार फूट पाणी लहान मुलांस घातक आहे; तेव्हा कठडा किंवा मजबूत जाळी आधी बसवावी, मासे मागाहून आणावेत.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. तळे दोन-तीन आठवडे पुनःपुन्हा भरून रिकामे करावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविल्यावाचून मासा सोडू नये. गाळणी धुवावयाची ती तळ्याच्याच पाण्याने. नळाखाली धरल्यास जीवाणू मरतात. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची पेटी बाजारात मिळते. दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबावे. खणण्याचे काम उन्हाळ्यात आटोपून मासे आश्विन-कार्तिकात आणल्यास पहिल्या वैशाखापूर्वी त्यांस स्थिरावण्यास पुरेसा अवधी मिळतो.

आम्ही दुसरे तळे याच रीतीने केले. उरलेले दोन मासे तोवर मोठ्या टाकीत रोज थोडे थोडे पाणी बदलून जगविले. मध्यंतरी घरातील कोणी सुचविले की, ते नवेगावबांधला सोडून द्यावेत, तेवढेच पुण्य. पण कोई हा परदेशी कार्प. तळ उकरून पाणी गढूळ करणारा. ढीवरांनी श्रमाने लावलेल्या वनस्पती त्याच्या तोंडी देण्यात पुण्य कसले? पाळलेला जीव नकोसा झाल्यास दुसऱ्या तळेवाल्यास द्यावा. तलावात किंवा नदीत कदापि सोडू नये.

पाणी तयार होईपर्यंत बेचाळीस दिवस लागले. पुतण्याने रोजची तपासणी वहीत टिपली. एके दिवशी सलग सातव्यांदा शून्य लिहून तो वही घेऊन आजींकडे गेला आणि म्हणाला, “आता आणायचे का?” आजींनी वही डोळ्यांजवळ धरून सगळे आकडे पाहिले व होकार दिला.