राउटरचा पाइप हात का ओढतो?

फर्निचरच्या कामात आपल्या वस्त्यांतली पुष्कळ मुले आता स्थिरावली आहेत. कोणी किचनच्या ट्रॉल्या करतो, कोणी कपाटे, कोणी स्वतःची छोटी शेड टाकली आहे. त्यांच्यात बसलो की आम्ही हमखास विचारतो, राउटरला भुसा ओढणारा पाइप लावता का रे? मुले हसतात. व्हॅक्यूम घेतलेला असतो, त्याचे हप्तेही फिटलेले असतात. आणि पाइप मात्र कोपऱ्यात वेटोळे घालून पडलेला! कारण ठरलेले : "काका, तो हात ओढतो."

ही तक्रार खोटी नाही. कामगार बेपर्वा असतो असे म्हणून मोकळे होणारे ठेकेदार आम्ही खूप पाहिले. त्यांनी एकदा ते मशीन हातात धरून पाहावे. राउटर उभा आणि डोक्याकडे जड. फळीच्या कडेवर काम करताना त्याचा निम्मा पाया लाकडावर, निम्मा अधांतरी. अशा वेळी ताठ पाइपाने बाजूला जरासा हिसका दिला की मशीन कलंडते, कटर लाकडात घुसतो आणि महागडा तुकडा वाया जातो. नुकसान मजुरीतून कापले जाणार असेल तर मुलगा पाइप काढणार नाही तर काय करील?

पण पाइप काढला की ती धूळ नाकात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. नाकाच्या आतला कर्करोग तिच्यामुळे होतो. दमा, सर्दी, डोळ्यांची आग ही तर रोजचीच. एमडीएफची धूळ सर्वांत बारीक, आणि तिच्यात चिकट द्रव्यही मिसळलेले. ती कपड्यांवर बसून घरी येते आणि कपडे झटकणाऱ्या गृहिणीच्या व लेकरांच्या श्वासात जाते. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम १४ ने धूळ जिथे निघते तिथेच ओढून घ्यावी असे सांगितले होते. दोन-तीन माणसांच्या शेडपर्यंत तो कायदा कधी पोचलाच नाही. तेव्हा पाइप मशीनवर टिकेल असा उपाय आपणच केला पाहिजे.

आमचा हात फायलींवर चालणारा. पण जाणत्या मिस्त्रींकडून जे पाहिले ते सांगतो.

पहिली गोष्ट, पाइप जमिनीवरून आणू नये, वरून आणावा. टेबलाच्या मध्यावर, किंचित मागे, छताला हूक मारावा. पंख्याच्या हुकाला चुकूनही बांधू नये! स्कूटरच्या कॅरिअरला सामान बांधायचा हूकवाला रबरी पट्टा असतो, तो त्या हुकाला अडकवावा आणि त्याच्या खालच्या टोकाला कापडाची रुंद झोळी करून तिच्यात पाइप टांगावा. सुतळीने आवळला तर पाइप तिथे चेपतो. आता पाइपाचे वजन पट्ट्यावर गेले. हात पुढे गेला की पट्टा ताणतो, मागे आला की सावरतो. उंची ठरवताना मशीनचा प्लग काढावा, व्हॅक्यूम मात्र चालू ठेवावा आणि राउटर टेबलाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत नेऊन पाहावा. व्हॅक्यूम चालू का? कारण ओढ लागली की वळ्यावळ्यांचा पाइप आखडतो आणि आणखी ताठ होतो. बंद असताना पुरेसा वाटलेला पाइप ऐन कामात तोकडा पडतो.

दुसरे, सगळा पाइप बदलायची गरज नाही. मशीनजवळचा शेवटचा दीड मीटरच मऊ आणि बारीक घ्यावा, मागे जुना जाड राहू द्यावा. सगळाच बारीक घेतला तर ओढ मरते. हिशेब सोपा आहे : ३८ मिलिमीटरच्या जागी २७ चा पाइप घेतला की आतली वाट जवळजवळ निम्मी होते. भरीव सागवानाचे लांब छिलके निघत असतील तर बारीक पाइप तुंबतो, तेवढे लक्षात ठेवावे. दोन पाइपांच्या जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून वरून क्लिप आवळली की हवा गळत नाही.

गोल किंवा नक्षीचे काम असेल तर मशीनबरोबर पाइपालाही पीळ बसत जातो आणि तो पीळ मनगटावर येतो. त्यासाठी मशीनच्या तोंडाशी फिरता जोड हवा. तयार मिळतो, तो घ्यावा. येथे काटकसर नको.

पाइपाच्या वळ्या फळीच्या कडेला टकटक अडकतात, त्यावर घरातूनच उपाय आहे. जुन्या टेरिकॉट पँटच्या पायाची लांब गवसणी शिवून पाइपावर चढवावी. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी नवऱ्याला अशी शिवून दिली, आता शेजारच्या शेडमधूनही मागणी आहे. मशीनची वायर पाइपाला हात-हातभर अंतरावर कापडी पट्टीने बांधावी, मशीनजवळ थोडी सैल सोडून. म्हणजे ओढ वायरवर येत नाही.

पाइप फारच अडला असेल तर अर्धा-पाऊण तास उन्हात सरळ पसरून ठेवावा. हे प्लास्टिक उबेने नरम पडते आणि वेटोळ्याची सवय थोडी सुटते. काम संपल्यावर घट्ट गुंडाळू नये, लांब टांगावा.

एवढे करूनही कडेच्या कामात थोडी धूळ बाहेर उडतेच, म्हणून चांगला मास्क हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवीत नाही.

गिऱ्हाइकाच्या घरी काम असेल तर तिथल्या नव्या छताला हूक कोण मारू देईल, असे एका मुलाने विचारले. त्याच्याच मिस्त्रीने उत्तर दिले : टेबलाच्या मागच्या पायाला पुरुषभर उंचीच्या वर जाईल असा बांबू दोन जागी बांधायचा आणि रबरी पट्टा त्याच्या शेंड्याला अडकवायचा. बांबू थोडा लवतो. उलट बरेच, असे तो म्हणाला.